माझ्या नावापाशी अडलेला बिल्ड

मंडळी, आज संध्याकाळी आमच्या ॲपची नवी आवृत्ती जायची होती आणि माझ्या लॅपटॉपवर बिल्डच, म्हणजे कोडपासून चालतं ॲप तयार करणंच, होईना. तोच कोड पुण्यात माझा सहकारी रोहित याच्याकडे पहिल्या फटक्यात चालला. "तुझ्याच मशीनचा लोचा आहे," म्हणून तो मोकळा झाला.

मी सध्या भोपाळला, बाबांच्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या क्वार्टरमधून काम करते. सगळं पुन्हा इन्स्टॉल केलं, तरी तीच एरर: फाइल सापडत नाही. फाइल तर समोर दिसत होती!

बाबा कारखान्यातून जेवायला आले, त्यांना सगळं सांगितलं. "अगं, त्याच्या मशीनवर नाही आणि तुझ्याच मशीनवर आहे, असं काय?"

मी फाइलचा पूर्ण पत्ता वाचला. मधलं फोल्डर होतं 'मुक्ता'. नवा लॅपटॉप सुरू करताना मी हौसेनं माझं नाव देवनागरीत टाकलं होतं आणि फोल्डरलाही तेच लागलं होतं. आमच्या एका टूलला ते वाचताच येत नव्हतं.

मी सांगितल्यावर रोहितनं त्याच्या मशीनवर देवनागरी नावाचं खातं उघडून पाहिलं. त्याचाही बिल्ड पडला! मी खुर्चीतून उडालेच.

"नाव इंग्रजीत कर, विषय संपला," तो म्हणाला.

"नाव राहू दे, टूल दुरुस्त करू."

केलं, आणि आवृत्ती वेळेत गेली.

तुमच्यापैकी कोणी मशीनवर आपलं नाव मराठीत लिहिलंय का? काय काय अडलं?