सात मिनिटांचा बैल

आमच्या केबलच्या ऑफिसात दोन गोष्टींना कधी तोटा नव्हता : चहाला आणि तक्रारींना. चहा तिथल्या तिथं संपायचा. तक्रारी मात्र मुरत राहायच्या, आणि दोन-चार वर्षांनी बघावं तर त्यांचे किस्से झालेले! आता अमरावतीत कुठं लग्नात-बारशात जुनी मंडळी भेटली की म्हणतात, "ज्योतीताई, तो बैल सांगा ना!" मग मी सुटते. माझ्या तोंडाला ब्रेक नाही, हे आधीच सांगून ठेवते.

त्या लोकल चॅनलवर मी सगळंच होते. अनाउन्सर मी, टेप लावणारी मी, फोन उचलणारीही मीच. मालक बंडूभाऊ. माणूस देवासारखा, पण फोन वाजला की तो आधी माझ्याकडं सरकवायचा.

एक दिवस गफूरचाचा ऑटोतून उतरले. ऐंशी गाठलेली, पाठ ताठ, काखेत पत्र्याचा गोल डबा. डबा त्यांनी टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बेटा, यात बैल हाय."

बंडूभाऊ दोन पावलं मागं सरकला!

डब्यात निघाली फिल्म. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारची प्रचाराची गाडी एका गोऱ्या साहेबासोबत वऱ्हाडात गावोगाव फिरायची आणि पडदा लावून लढाईची चित्रं दाखवायची. चित्रं इंग्रजी, गाव वऱ्हाडी. म्हणून पडद्याशेजारी भोंगा घेऊन एक माणूस उभा राही आणि सगळ्यांचे आवाज काढी. तो माणूस म्हणजे अठरा वर्षांचे गफूरचाचा! त्यातलंच हे सात मिनिटांचं कार्टून. एक आळशी बैल, आणि धान्य लुटायला आलेला टिचभर मिशीचा उंदीर राजा. उंदीर म्हणजे जर्मनीचा तो हुकूमशहा, हे शेंबड्या पोरालाही कळावं. शेवटी बैल उठतो आणि लाथ घालून त्याला समुद्रापार उडवतो.

"साहेब गेला, गाडी गेली, डबा माह्यापाशी राह्यला," चाचा म्हणाले. "डोयात काचबिंदू हाय. डॉक्टर म्हनते साल-दोन साल. त्याच्या आत हे लोकाईले पुरं दाखवा. पुरं, बरं का! एक बी तुकडा कमी नाई पाह्यजे."

एवढंच मागणं होतं माणसाचं. आम्ही म्हटलं, त्यात काय मोठं!

*

चाचांकडून ऐकलेला हा किस्सा. रिद्धपूरच्या बाजूच्या एका खेड्यात खेळ चालू होता. चाचा भोंग्यातून गरजत होते, उंदीर नाचत होता, आणि समोर अख्खं गाव गप्प. शेवटी पुढं बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "कावून रे बाबू, हा उंदीर कोन?"

"दुश्मन, माय."

"कोनाचा?"

आता खोटं कसं बोलावं? चाचा म्हणाले, "सरकारचा."

"मंग आमी कायले हासाव?"

दुसऱ्या गावात चाचांनी काय केलं असेल? सुरुवातीलाच सांगून टाकलं, "या उंदरानं तुमच्या घरची ज्वारी खाल्ली बरं!" लोक हसून हसून लोटपोट. साहेबानं पाठ थोपटली.

"प्रचार असाच असते बेटा," चाचा मला म्हणाले. "उंदीर आपल्या घरात सोडा लागते." अठराव्या वर्षी कळलेलं हे!

*

फिल्म टीव्हीवर लावायची तर आधी टेपवर घ्यायला हवी. आमच्याकडं कसली मशिनं! कुठून तरी जुना प्रोजेक्टर आणला, ऑफिसच्या भिंतीला चुना मारला, त्यावर फिल्म पाडली आणि लग्नाच्या शूटिंगच्या कॅमेऱ्यानं सगळं उतरवून घेतलं. नेमकी मधेच भिंतीवर एक पाल आली, बैलाच्या पाठीवरून सावकाश चालत शेपटापर्यंत गेली. पुन्हा शूटिंग कोण करणार? राहू दिली.

पोळ्याच्या दिवशी कार्टून लागलं. पहिलाच फोन एका ड्रॉइंगच्या मास्तरांचा. "मॅडम, जुनं काम ते जुनं काम! ती पाल काय जित्ती काढली हो त्या इंग्रजानं!"

मी म्हटलं, "सर, आमच्याकडचे कलाकार बी कमी नाहीत."

*

दुसऱ्या फोननं मात्र घात केला. कोण्या एका नेत्याचे कार्यकर्ते. "आमच्या भाऊची टिंगल करून राहिले काय? मिशी सेम टू सेम हाय! ऑफिस बंद करून टाकू!"

बंडूभाऊनं ऑफिसचं शटर अर्धं खाली ओढलं. संध्याकाळच्या खेळाआधी मला म्हणाला, "ज्योती, मिशी काप."

उंदराची मिशी कशी कापणार? पहिली टेप कपाटात ठेवली, आणि मिशी जिथं जवळून दिसते ते सगळे तुकडे दुसऱ्या टेपवरून मी उडवले. चाचांना सांगताना माझीच मान खाली. ते म्हणाले, "ज्याच्यासाठी काढली होती तो मरून साठ वर्षं झाले. त्यानं बी तक्रार केली नवती!"

मग आला दारूचा फोन. एका प्रसंगात बैल पिंपाला तोंड लावून बियर पितो. "पोया हाय आज! ज्याची पूजा करतो त्याले दारू पाजता?" खरं होतं, मलाही पटलं. तेही गेलं. मग बॉम्बवाला प्रसंग एका बाईंचं बाळ दचकलं म्हणून गेला. असं करता करता कार्टून उरलं चार मिनिटांचं, आणि लाथेचा तुकडा कापाकापीत कुठं गेला तो गेलाच.

दुसऱ्या वर्षी पोळ्याला बडनेऱ्याहून एका आजोबांचा फोन. फार काळजीचा आवाज. "पोरी, तुमच्या बैलाची तब्येत बरी नाई काय? मागच्या साली झोपला तो अजून उठलाच नाई!"

*

चाचांचा एक गुण सांगते, त्यापुढं मी आजही हात जोडते. उंदराच्या फौजेत काही शिपाई जपानी काढले होते. मिचमिचे डोळे, पुढं आलेले दात, माणसांची चेष्टा करायची म्हणूनच काढलेले. चाचा एकदा ते बघता बघता म्हणाले, "तवा याईचा आवाज काढून मी लय हासवलं लोकाईले. आता लाज वाटते."

मी म्हटलं, "मग कापू काय, चाचा? यावर तर कोणाचा फोनही आला नाही."

"नको. आमची लाज बी दिसू दे."

*

आता माझा स्वतःचा गुन्हा. हा मी फार कमी जणांना सांगितला आहे.

लाथ खाऊन समुद्रापार पडल्यावर, अगदी शेवटी, हरलेला उंदीर राजा कवटीचं चित्र असलेली बाटली काढतो, घटाघटा पितो, फुग्यासारखा फुगतो आणि हातात फूल धरून आडवा होतो. चाचा सांगायचे, युद्धाच्या दिवसांत सगळ्यात मोठा हशा याच जागी पडायचा.

पण आमचे दिवस वेगळे होते. चॅनलवर खाली निधनवार्तांची पट्टी फिरायची, ती मीच टाइप करायची. नाव, गाव, वय. बत्तीस. अठ्ठावीस. पस्तीस. तिवसा, दर्यापूर, इकडं अकोल्याकडची गावं, सगळे शेतकरी. कारण कोणी लिहून देत नव्हतं आणि मी विचारत नव्हते. त्या पट्टीच्या वर तो उंदीर बाटली पिणार आणि लोक हसणार? माझ्याच्यानं होईना. फोन नाही, तक्रार नाही, बंडूभाऊला विचारलंही नाही. मी गुपचूप तो प्रसंग काढून टाकला.

तोवर चाचांना डोळ्यांनी जेमतेम उजेड कळत होता. त्या दुसऱ्या पोळ्याला ऑफिसातल्या टीव्हीसमोर बसून ते ऐकत होते. मधेच फिल्मच्या वाजंत्रीनं जरा उडी मारली आणि त्यांनी मान वर केली. "बाटली गेली."

मी उगाच टेपांची चळत नीट करायला लागले.

"मिशीवाल्याचं ऐकलं, दारूवाल्याचं ऐकलं. आता तू बी कापाले लागली काय वं?"

मला रडूच आलं. पट्टीवरची नावं मी त्यांना वाचून दाखवली, त्या एका आठवड्याची. ते काठीच्या मुठीवरून हात फिरवत ऐकत होते. मग म्हणाले, "पुढच्या पोयाले पुरं लाव. बाटलीसगट. माइकवर मी बोलतो."

*

बंडूभाऊला पटवायला मला वर्ष लागलं. शेवटी वैतागून म्हणाला, "लावा माय, लावा! फोनची वायर काढून ठेवतो फक्त." मी ती काढू दिली नाही.

पोळ्याच्या दुपारी पहिली, न कापलेली टेप लावली. चाचांना आता काहीच दिसत नव्हतं. तरी माइकपुढं ते उभे राहिले, भोंगा धरल्यासारखा एक हात तोंडाशी. आणि काय सांगू! बैलाचं तोंड उघडायला आणि चाचांचा आवाज यायला एकच गाठ. उंदराची चिरकी किंचाळी, जपानी शिपायांपाशी पडलेला आवाज, बॉम्ब, पिंप, सगळं जिथल्या तिथं. वाजंत्री ऐकून सात मिनिटं मापत होते ते! बंडूभाऊ फोनकडं बघायचं विसरला.

बाटली आली. उंदरानं ती तोंडाला लावली. चाचा थांबले. मग एकदम बैलाच्या आवाजात बोलले, "ए! ठेव ते खाली. ठेव म्हनतो ना! हारला तं हारला, मी काय दरसाली जितून राह्यलो? ये, माह्यापाशी बस. पानी पी."

हे फिल्ममध्ये नव्हतं. कधीच नव्हतं. पडद्यावर उंदीर पीतच होता, आणि बैल बोलतच होता, "बस इथं. पानी पी."

कार्टून संपायच्या आत फोन वाजला. तिवशाकडच्या एका बाईचा. हळू बोलत होती. "ताई, त्या बैलाले फोनवर द्या ना जरा. आमच्या घरचे आज पोया असून वावरात निंगाले होते, एकटेच. ते ऐकून दारातच थांबले. पन आत येऊन नाई राह्यले. फोन त्याईच्या कानाले लावते."

मी रिसीव्हर चाचांच्या हातात दिला, बाई काय म्हणाली ते कानात सांगितलं. चाचांनी घसा साफ केला. आणि त्याच आवाजात, फोनमध्ये, "बस इथं माह्यापाशी. पानी पी."

मग रिसीव्हर कानाला लावून ते नुसते उभे राहिले. टेप संपली, पडद्यावर मुंग्या आल्या. बंडूभाऊ हळूच म्हणाला, "चाचा, पुढचा प्रोग्राम लावाचा हाय. कट करू काय फोन?"

चाचांनी हात वर केला.

"थांब. पेऊन राह्यला तो."