दोर कापणारी दुमड

माझ्या काकांची होडी पावसाळाभर मुरुडच्या किनाऱ्यावर झावळ्यांखाली शाकारून ठेवलेली असायची आणि दर वर्षी कुठे ना कुठे कुजायची. वडिलांमागे काकांनी मला वाढवलं ते त्या एका होडीवर. मुंबईच्या कारखान्यात लोखंडी सांगाड्यांचे आराखडे काढायला लागलो, तेव्हा ठरवलं, हिला पक्की शेड द्यायची.

साठ सालानंतरची गोष्ट. जाड लोखंड परमिटवर, आणि आमच्यासारख्याला परमिट कोण देतो? म्हणून पातळ पत्रा दाबून केलेल्या तुळया बसवल्या. त्यांच्या कडा बोटभर आत दुमडलेल्या. अशा तुळईचा सगळा जीव त्या दुमडीत. घडीचा कागद उभा राहतो, घडी मोडली की मान टाकतो, तसंच. काकांना हे समजावलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी!

आषाढात गावी गेलो, तर तुळयांना जाळी, शिडं, वल्ही, सगळा संसार टांगलेला. त्याचं काही नाही, ते वजन मी हिशेबात धरलंच होतं. पण दुमड कुठे दिसेना. काकांनी ती हातोड्यानं ठोकून सपाट केली होती.

"दोर कापीत व्हती ती," काका म्हणाले. "धार दिसली का मोडायची, ह्येच तर जलमभर केला."

खरंच होतं. दोराला लागणारी कड कोळ्याच्या घरात कुणी ठेवत नाही. मला भयंकर संताप आला, पण काढणार कुणावर?

"होडी आधी बाहेर काढू," मी म्हटलं.

"चिखलातनं? मानसा कुठची? समदी लावणीला गेल्यात."

आम्ही दोघांनी जाळी उतरवली, तुळयांखाली बांबू दिले. त्यांनी काही होणार नाही हे मला ठाऊक होतं. कुशीवर वळू पाहणाऱ्या तुळईला खालचा टेकू काय कामाचा? नवा पत्रा मिळायला महिने लागले असते.

त्याच आठवड्यात एका दुपारी समुद्रावरून वारा सुटला. तुळई तुटली नाही. नुसती मुरगळली, शेजारचीलाही घेऊन गेली, आणि छप्पर होडीवर बसलं. होडीचा कणाच मोडला.

नारळी पौर्णिमेला काकांनी दुसऱ्याच्या होडीची पूजा लांबून पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर खलाशी म्हणून चढले.