बाबांचा उजवा हात

आधीच सांगून टाकतो – भूतखेत, अंगात येणं, नजर लागणं, यातलं काही म्हणजे काही मी मानत नाही. आमच्या घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेल्या. आजोबा महूच्या पलटणीत होते. लहानपणी मी चिंचेच्या झाडाला घाबरलो, तर त्यांनी मला त्याच झाडाखाली बसवून जेवायला लावलं होतं. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण घडलं ते घडलं, आता काय करू?

आम्ही इंदूरचे. बाबा कापड मिलमध्ये जॉबर होते, मतलब बिघडलेले लूम ठीक करणारे. शेडमध्ये एवढा खडखडाट, की कान काय कामाचे? बाबा चालत्या मशीनवर उजवा पंजा ठेवायचे, डोळे मिटायचे आणि दुखणं कुठे आहे ते सांगायचे. तिथे कुणाला हाक मारून उपयोग नसायचा; मागून जाऊन डाव्या खांद्यावर दोनदा थापटायचं, ही शेडची रीत. शाळेसाठी मला उठवायचे तेही असंच. एकदा मशीनमध्ये त्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट अर्धं गेलं, तरी हात तेवढाच हुशार राहिला.

मग मिल बंद पडली. रस्त्यावर रोज नव्या नव्या चमचमत्या गाड्या दिसायला लागल्या, आणि आम्ही काय घेतलं? मिलिटरीच्या लिलावातला, पेट्रोलवर चालणारा, कार्बोरेटरवाला ट्रक! माझ्याहून म्हातारा. मी तो चालवायचो, पोलोग्राउंडच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका कारखान्याचा माल न्यायचो. घर त्याच्यावरच चालायचं.

एक दिवस ट्रक मिसिंग करायला लागला. सिग्नलला थांबलो की इंजिन थडथड उडायचं, कार्बोरेटरमधून फट्ट आवाज यायचा आणि बंद. चोक ओढला की जरा बरा, सोडला की परत तेच. मी घरासमोर बॉनेट उघडून वैतागलेला. बाबा बाहेर आले, बाही वर केली आणि इंजिनकडे हात नेला. माझं डोकंच फिरलं.

"हा लूम नाही बाबा! हात लावून काय कळणार? व्हा बाजूला. काही कामाचा नाही आता तुमचा हात."

बाबांनी बाही खाली केली. हात लेंग्याला पुसला – त्याला काही लागलंही नव्हतं – आणि आत गेले.

दहा दिवसांत त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तोच हात! रोज ठरवायचो, आज माफी मागायची. पाण्याचा पेला त्यांच्या तोंडाशी धरायचो, इकडचं तिकडचं बोलायचो आणि उठायचो. माझ्यासारखा भित्रा मीच.

ट्रकचं दुखणं वाढतच गेलं. गॅरेजवाल्या उस्तादने प्लग बदलले, पॉइंट बदलले, कार्बोरेटर तीनदा खोलून धुतला. शेवटी मे महिन्यातल्या एका दुपारी, पोलोग्राउंडमध्ये, कारखान्याच्या गेटसमोरच ट्रकने मान टाकली. शेठ बाहेर आले, "देखो भिया, तीन बजे तक माल नहीं उठा तो अपन दूसरी गाड़ी लगा लेंगे. हमेशा के लिए."

उस्ताद आला, बघितलं, मान हलवली. "भिया, कबाड़ी को दे दो. इसका टाइम हो गया." आणि जेवायला निघून गेला.

मी एकटाच. चोक ओढून कसंबसं इंजिन चालू केलं, वाकून बघत राहिलो. डोळ्यांसमोर फक्त घर... आईचा चेहरा, बाबांची औषधं.

तेवढ्यात डाव्या खांद्यावर थाप पडली. दोनदा.

मला वाटलं उस्ताद. "रुको ना यार," म्हणून वळलो, तर मागे कुणी नाही. आख्खी गल्ली उन्हात सुनसान.

परत वाकलो, आणि माझ्या उजव्या हाताला कुणीतरी धरलं. खालून. खरखरीत, ऊबदार पंजा... अंगठ्याजवळचं बोट अर्धं. किंचाळलो असतो, पण खरं सांगू? भीती वाटलीच नाही. रडू आलं. त्या पंजाने माझा हात हळूच कार्बोरेटरच्या मागे नेला, जिथे नजर पोचत नाही तिथे, अगदी तापलेल्या एक्झॉस्ट पाइपला खेटून, आणि माझी बोटं तिथल्या सांध्यावर दाबली.

इंजिन शांत झालं! शहाण्यासारखं एका लयीत चालायला लागलं. बोट काढलं – थडथड. ठेवलं – परत गोड.

कार्बोरेटरखालचं पॅकिंग मागच्या बाजूने फाटलं होतं. तिथून इंजिन फालतू हवा ओढत होतं, आणि आम्ही महिनाभर कार्बोरेटर धूत बसलो होतो! जाड पुठ्ठ्याचं पॅकिंग कापलं, बसवलं. तीनच्या आत माल भरून निघालो.

संध्याकाळी घरी आलो तर आई दारातच. "अरे, बघ ना यांच्या हाताला काय झालं! दुपारपर्यंत ठीक होता. मी इथंच बसलेली, चूलसुद्धा पेटवली नाही रे..."

बाबांच्या उजव्या पंजाच्या मागच्या बाजूला भाजल्याचा लाल पट्टा होता. पाइपएवढा रुंद. फोड आलेले.

मी माझा हात बघितला. साधा डागसुद्धा नव्हता.

मग मात्र राहवलं नाही. मलम लावता लावता हमसून हमसून रडलो. "चुकलो बाबा. तुमच्या हाताला तसं बोलायला नको होतं. माफ करा." दुपारचं मात्र एक अक्षर सांगितलं नाही – आईला नाही, त्यांनाही नाही.

डॉक्टर म्हणाले, अशा हाताला संवेदना नसते, कशाने तरी भाजलं असेल. असेल. पण 'कशाने' ते त्यांनाही सांगता आलं नाही, मला तर आजही येत नाही. तर्क करून थकलो.

आणि त्यानंतरचं तर अजिबातच कळत नाही. मलम लावून झाल्यावर बाबांनी डाव्या हाताने माझा उजवा हात ओढून घेतला. उलटा केला, सुलटा केला. एकेक बोट दिव्याकडे धरून नीट तपासलं, कुठे भाजलं तर नाही ना म्हणून. काही नाही असं दिसलं, तेव्हा कुठे त्यांनी सुस्कारा सोडला आणि डोळे मिटले.