मोठ्या चाकांची जीप

डोंगरकड्याच्या खेमाची जीप हिंगोलीपर्यंत माणसं नेत-आणत होती. तांड्यावरच्या कुणालाही दवाखान्याची नाही तर कोर्टाची घाई असली की तो आधी खेमाला शोधायचा. खेमालाही याचा भारी अभिमान.

दिवाळीनंतर टायर पार गुळगुळीत झाले. तेवढ्यात त्याचा मेव्हणा वसराम कुठल्या तरी मोडीत निघालेल्या गाडीचे चार टायर घेऊन दारात हजर. मूळच्यापेक्षा चांगले उंच आणि जाडजूड.

"दाजी, चाक मोठं म्हंजे एका फेऱ्यात जास्त रस्ता. उडंल गाडी तुमची!"

खेमाला ते पटलं. जीप रुबाबदार दिसू लागली. पण पहिल्याच दिवशी माणसं भरली आणि गाडी जागची हलेना. दुसऱ्या गिअरला गचके देई, चढ दिसला की दम टाकी.

खेमानं टायर सोडून सगळीकडे दोष शोधला. डिझेलचा पंप बदलला, एअर फिल्टर नवा टाकला, क्लचप्लेट बदलली, टपावरचं लोखंडी कॅरिअर काढून कुडाला टेकवून ठेवलं. रिकामी गाडी जरा बरी पळायची, पण माणसं बसताच पुन्हा तेच.

"आता काय बैलं जुंपू का हिला?" तो बॉनेटवर थाप मारून ओरडायचा.

"टायर आल्यापासून हे सुरू झालंय. काढा की ते," बायको मिना म्हणायची. तेवढ्यावर तो भरल्या ताटावरून उठायचा.

मग पुजाच्या परीक्षेचा दिवस आला. पोरीची नर्सिंगची प्रवेश परीक्षा, केंद्र हिंगोलीला. ती पुढं बापाशेजारी बसली, मागं नेहमीची माणसं. कळमनुरीच्या अलीकडच्या चढावर जीपनं मान टाकली. पहिल्या गिअरलाही क्लचचा जळका वास सुटला. सगळे उतरून ढकलू लागले. म्हातारी रुख्मिणीबाई पाटी सावरत म्हणाली, "खेमा, गाडी आमाला नेऊन राहिली, का आमी गाडीला?"

लोक हसले. खेमाचे कान तापले. चढ संपला, माणसं बसली, आणि गेलेला वेळ भरून काढायला त्यानं उतारावर गाडी मोकळी सोडली.

"बाबा, हळू. मोबाइल बासष्ट दाखवून राहिला."

"मीटरवर पंचावन्न हाय. येडा हाय तुजा मोबाइल."

"मीटर जुन्या चाकाच्या हिशोबानं मोजतंय, बाबा. नवं चाक एका फेऱ्यात जास्त जातं, ते त्याला काय ठाऊक?"

वळणावर उसाची ट्रॉली आडवी आली. खेमानं ब्रेक दाबला. जीप पूर्वीसारखी जागेवर थांबली नाही, घसरत रस्त्याच्या कडेला गेली आणि नालीच्या तोंडाशी टेकली. कुणाला लागलं नाही. पुजा मात्र दार उघडून खाली उतरली. मागून गावातला दूधवाला शिवहार मोटारसायकलवर येत होता. तिनं त्याला थांबवलं, बापाकडं न बघता मागं बसली आणि निघून गेली.

ती वेळेत पोहोचली. पेपरही बरा गेला. संध्याकाळी मिनानं हे खेमाला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मूळ मापाचे टायर बसवले. वसरामचा फोन आला, "दाजी, दिसायला तर झकास होती!" खेमानं फोन कापला. जीप पुन्हा वेग उचलायला लागली, मीटरही बराबर बोलू लागलं. पण इतके दिवस ओढून ओढून इंजिन काळा धूर ओकायला लागलं होतं. त्यात रुंदीकरणासाठी रस्ता उकरून ठेवलेला. तिथं कुठल्याच मापाचं चाक पळेना. घाईची माणसं तांड्यावरच्याच हरिचंदच्या नव्या गाडीकडं वळली होती.

पुजाला प्रवेश मिळाला. पहिल्या दिवशी खेमा भल्या सकाळी जीप पुसून उभा राहिला.

"चल, सोडतो."

"एसटीचा पास काढलाय, बाबा," ती हळूच म्हणाली.

 ओला फडका त्यानं सीटवर आपटला, गाडीत बसला आणि स्टँडकडं निघाला. पाच माणसं जमायला दुपार झाली.