जमिनीपासून मोजलेला घेर

सुमनताई गेल्याचा फोन सकाळी आला आणि मिळेल त्या गाडीने मी नागपूरहून दुर्गला उतरले. भिलाईला दादाच्या घरी पोचेपर्यंत तिला तिथे आणून बायकांनी आंघोळ घालून साडी नेसवली होती. मोरपिशी, जरीच्या काठाची, कोरी. घडीच्या रेघासुद्धा मोडल्या नव्हत्या. माझ्या या मोठ्या बहिणीने तरुणपणीच्या एका सकाळनंतर आयुष्यभर अंगाला साडी लावली नव्हती. त्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी दादाला विचारलं, "हे कोणं नेसवलं तिले?" तो म्हणाला, "लोकं येऊन राहिले शैला. शेवटच्या टायमाले तरी बरं दिसलं पाहिजे." बरं दिसलं पाहिजे... महिना होत आला, तरी ते शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीत. म्हणून लिहायला बसले आहे. स्मृतिलेख शांतपणे लिहायचा असतो म्हणतात. मला ते जमेल असं वाटत नाही.

आम्ही भंडाऱ्याकडचे. पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हा बाबा शेती भावांवर टाकून भिलाईला आले आणि कोक ओव्हनवर लागले. आम्हाला क्वार्टर मिळालं तेव्हा सेक्टरातले रस्ते अजून मुरमाचे होते, लावलेली झाडं माणसाच्या कमरेलाही लागत नव्हती आणि दिवसभर गिट्टीचे ट्रक धावत असायचे. थोड्या अंतरावर कारखाना उभारायला आलेली रशियन कुटुंबं राहत. ताई मॅट्रिक होऊन घरी बसली होती. एकदा बाजारात एक रशियन बाई कापडवाल्याला काहीतरी समजावताना घामाघूम झाली होती. ताईने पुढे होऊन आपल्या पोलक्याची कड उलटली आणि आतलं अस्तर बोटाने दाखवलं. बाई एवढी खूश झाली की तिने तिथेच ताईचा हात धरला. ल्यूबा तिचं नाव. इंजिनियरची बायको, मोडकंतोडकं हिंदी बोलायची आणि घरातल्या सगळ्यांचे कपडे स्वतः शिवायची.

ल्यूबाकडे तिच्या देशातून छापील पॅटर्न यायचे. सतरंजीएवढा एकच कागद. त्यावर सगळ्या मापांच्या रेघा एकमेकींवरून गेलेल्या, काही सलग, काही तुटक, काही ठिपक्यांच्या. मला तो भिलाई-3च्या रेल्वे यार्डाचा नकाशा वाटला होता. ताईने मात्र त्यातून आपल्या मापाची रेघ पहिल्याच दिवशी शोधून काढली. वर पातळ कागद ठेवायचा, पेन्सिलीने तेवढीच रेघ उतरवायची, कापायचा. "इसमें सिलाई का जगह नहीं," ल्यूबा बजावायची. म्हणजे शिवणीपुरती माया आपली आपण सोडायची. ताईने पहिला स्कर्ट शिवला राखाडी, जाड ड्रिल कापडाचा, पोटरीपर्यंत, पुढे दोन मोठ्या चुण्या आणि बाजूला खिसा. खिशात हात घालून ती आरशासमोर उभी राहिली ते मला अजून दिसतं. हसत नव्हती. फक्त हात बाहेर काढायला तयार नव्हती.

त्या रेघांनीच तिला नोकरी दिली. कारखान्याच्या ड्रॉईंग ऑफिसात ट्रेसर हवे होते. इंजिनियरांच्या नकाशांवर पारदर्शक कागद ठेवून शाईने रेघा उतरवायचं काम. परीक्षेत तिने उतरवलेला कागद साहेबाने दोन्ही बाजूंनी पाहिला आणि तिला घेतलं. बाबांनी हो म्हटलं. ऑफिस लांब होतं, म्हणून ती सायकल शिकली आणि राखाडी स्कर्ट घालून जाऊ लागली. पाठीवर वेणी, हँडलला डबा. माझ्या वर्गातल्या मुली तिला पाहायला फाटकाशी थांबत.

दादा तेव्हा कारखान्यात अप्रेंटिस होता. त्याला कोणीतरी टोमणा मारला, बहीण मेमसाब झाली का म्हणून. तो संध्याकाळी घरी आला तोच धुमसत. बाबांनी दोन्हीकडचं ऐकलं आणि आपल्या मते मध्यम मार्ग काढला.

"नोकरी कर. पण साडी नेसून जाय."

"साडी चेनमंदी जाते बाबा," ताई म्हणाली.

"बाकीच्या बाया कशा जातेत?"

"बाकीच्या बाया सायकलीवर जात नाहीत."

दादा मध्ये पडला. "मंग खोचून घे नीट. नेसता येत नाही का तुले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कर्ट खुंटीवर नव्हता. आईने त्याचे तुकडे करून पोतेरं केलं होतं. ताईने साडी नेसली, पदर खोचला, सायकल काढली. कारखान्याच्या वळणावर मागून ट्रक आला म्हणून तिने सायकल कडेला घेतली, आणि निऱ्या चेनमध्ये गेल्या. ती गिट्टीच्या ढिगावर आपटली. उजवा खुबा मोडला. कित्येक महिने ती प्लास्टरमध्ये होती आणि उठली तेव्हा उजवा पाय आखूड झालेला होता.

दवाखान्यात ल्यूबा आली होती. खाटेखाली ग्रीसने काळी झालेली, फाटलेली साडी गुंडाळून ठेवलेली होती. ल्यूबाने ती उचलून पाहिली आणि आईला विचारलं, "स्कर्ट कहाँ?" ल्यूबाने पुन्हा विचारलं, या वेळी आवाज चढवून. आईने तोंड भिंतीकडे फिरवलं. घरी तेच पोतेरं बादलीच्या काठावर वाळत होतं... आई त्यानंतरही त्याने फरशी पुसत राहिली, कारण फेकून द्यायचं म्हणजे कबूल करणं झालं असतं.

मग नात्यात, शेजारात, सगळीकडे एकच शब्द सुरू झाला. अपघात. सुमनचा अपघात. सुमनचं नशीब. दादा तर असा बोलायचा, जणू आभाळातून काहीतरी पडलं. मी तेव्हा शाळकरी होते, पण मला एवढं कळत होतं की ट्रक बाजूने निघून गेला होता. त्याने तिला स्पर्शही केला नव्हता.

ताई चालू लागल्यावर सगळ्यांचं ठरलं की आता ती घरीच राहील. तिने हातमशीन मागवून घेतली, कारण पायमशीन तिला चालवता येत नव्हती. एका रविवारी ती नवा स्कर्ट घालून बाबांसमोर उभी राहिली. "उद्यापासून ड्युटीवर जातो. बसनं."

दादा म्हणाला, "असा पाय घेऊन? लोकं पाहतीन."

"पाहू दे. कोणामुळं असा झाला, थे बी विचारू दे."

बाबांनी मान खाली घातली. दादाने नाही. त्याने आजतागायत घातलेली नाही. ताईने लग्न केलं नाही, निवृत्तीपर्यंत रेघा उतरवल्या, सेक्टर 10 मधलं क्वार्टर स्वतःच्या नावावर घेऊन राहिली, आणि जन्मभर आपले स्कर्ट आपण शिवले.

तेरवीला दादा चार लोकांत बोलला. सुमन कशी शांत होती, तिने कधी काही मागितलं नाही, एका अपघाताने तिच्या आयुष्याचं वाटोळं केलं. मी उठून म्हटलं, "अपघात नव्हता थो. तुम्ही तिले साडी नेसवली होती. अन् परवा पुन्हा नेसवली." जेवणाच्या पंगतीत सगळे हात थांबले. दादा हळूच म्हणाला, "आता हे कावून काढून राहिली?"

"आता नाही काढलं तर कवा काढू?"

दादाने वाढप्याला भात आणायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दादाच्या सुनेबरोबर मी ताईच्या क्वार्टरमध्ये तिचं कपाट रिकामं करायला गेले. मुलगी चांगली आहे. हँगरला लावलेले स्कर्ट तिने एकेक करून पाहिले आणि म्हणाली, "आत्या, हे तर सगळे टेढे शिवले आहेत. एक साईड छोटी, एक लांब. टेलरकडून सरळ करून घ्यायचे का? किसी के काम आएँगे."

मी तिला खाली बसवलं आणि सांगितलं. पाय आखूड झाल्यावर ताईची कंबर उजवीकडे झुकायची, त्यामुळे पॅटर्नबरहुकूम शिवलेला घेर त्या बाजूला खाली लोंबायचा. म्हणून ती आरशासमोर उभी राहायची आणि मी फूटपट्टी, खडू घेऊन गुडघ्यांवर तिच्याभोवती फिरायचे. "कमरेपासून नोको मोजू," ती म्हणायची, "जमिनीपासून मोज." उजवी बाजू तेवढी आखूड कापायची. मग ती चालायला लागली की पाय लंगडायचा, पण घेर चारी बाजूंनी सारख्या उंचीवर राहायचा.

एकही स्कर्ट मी टेलरकडे जाऊ दिला नाही. सगळे नागपूरला आणले. बाहेरच्या खोलीत खुंट्या मारून तिथे लावले आहेत, येणाऱ्याच्या नजरेला पडतील असे. माणसं पाणी पिता पिता पाहतात आणि म्हणतात, हे असे तिरपे का? मग मी सांगते. पोतेऱ्यासकट सगळं सांगते, आणि दादाचं नाव घेऊन सांगते.