गुरुवारचं तिकीट

तिकीटवाल्या काकू एकतीस वर्षं विमानाची तिकिटं काढत आल्या, पण कोण कुठे गेलं हे त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. सख्खा दीर ऑफिसच्या कामाचं निमित्त सांगून मित्रांबरोबर समुद्रावर हुंदडून आला, ते तिकीट काकूंनीच काढलेलं. फोटोंमुळे बिंग फुटलं, तेव्हा जाऊबाईंनी दोन वर्षं अबोला धरला तो नवऱ्याशी नव्हे, काकूंशी. काकूंनी तोही हसत सोसला.

अशा बाईंकडे एक पत्रकार मुलगी आली. स्वतःच्या देशातल्या सरकारविरुद्ध लिहिलं म्हणून पळून आलेली, आणि तिकडचे हेर इथेही तिच्या मागावर. आता तिसऱ्या एका देशाने तिला आसरा दिला होता. काकूंनी तिचं गुरुवारचं तिकीट काढलं.

दोन दिवसांनी दोन सूटवाले गृहस्थ हजर. आम्ही तिचे चुलतभाऊ, बहीण औषधं विसरलीय, फक्त विमान कोणतं तेवढं सांगा. बोलणं अगदी साखरेत घोळलेलं. मग बहिणीलाच फोन करा की, असं म्हणून काकू पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

पण काकू जिथे काम करायच्या त्या ट्रॅव्हल एजन्सीच्या मालकाच्या पोटात काही राहील तर शपथ. कोणतंही बुकिंग कुणी, किती वाजता उघडलं याची नोंद त्या बुकिंगलाच चिकटलेली असते, आणि रोज सकाळी ती पाहायची काकूंची सवय. मुलीचं बुकिंग मालकाने आदल्या दुपारी एक वीसला उघडलं होतं, काकू डबा खात असताना. मालकाला विचारलं तर म्हणतो कसा, भाऊच ते, काळजीत होते बिचारे. काकूंना त्याचा भयंकर राग आला.

तारीख बदलावी तर तीही त्याच बुकिंगमध्ये मालकाला दिसणार. म्हणून काकूंनी त्या बुकिंगला बोटही लावलं नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांची एक मैत्रीण तिकिटं काढायची. तिच्याकडून दुसऱ्या कंपनीचं बुधवारचं तिकीट काढून घेतलं. मुलगी बुधवारी दुपारी गेली. गुरुवारी चुलतभाऊ विमानतळावर पाय मोडेस्तोवर ताटकळले.

पण ती सुखरूप पोचली का? मैत्रिणीने बुकिंग पुन्हा उघडून पाहिलं तर मैत्रिणीच्याच नावाची आणखी एक नोंद पडणार, आणि माग काढणारे तिच्या दारात येणार. फोन लावायला हात नुसते शिवशिवायचे, पण काकूंनी मैत्रिणीला विचारलं नाही. घरी सांगायचीही सोय नव्हती.

चार महिन्यांनी ऑफिसातला फोन वाजला.

"काकू, मी बोलतेय. पोचले मी. तुम्ही होतात म्हणून..."

आवाज तिचाच. पण या फोनला आणखी कुणाचे कान असतील, कुणी सांगावं?

"तुमचा नंबर चुकलाय," काकू म्हणाल्या. "मी तुम्हाला ओळखत नाही."

पलीकडून ती हळूच म्हणाली, "हो, चुकलाच."

मालकाने विचारलं, कोण होतं? कुणी नाही, असं म्हणून काकू खाली वाकल्या आणि आनंदाने आलेलं रडू आवरेपर्यंत टेबलाखाली न पडलेलं पेन शोधत राहिल्या.