आखाती रकान्यातले आलू

“बटाट्याला अरबीत आलू? अहो बाई, तुम्ही मला हिंदी विकताय,” मी फोनवर म्हणालो.

कोथरूडच्या आमच्या ऑफिसात लोकलायझेशन चालायचं. म्हणजे परदेशी सॉफ्टवेअर त्या त्या देशाच्या भाषेत आणणं. नव्या क्लायंटला मोबाइलवर बोललेला शब्द ओळखणारं सॉफ्टवेअर करायचं होतं. अरबी लिहायची सगळीकडे एकच, पण घरात बोलायची निराळी. म्हणून रोजच्या चाळीस वस्तूंची नावं मागवली. एक रकाना आखाती बोलीचा, एक इजिप्तच्या बोलीचा. क्वालिटी, म्हणजे आलेलं काम तपासणं, माझ्याकडे होती. अरबी मला येत नव्हती.

आखाती रकाना नजमाबाईंनी भरला होता. राहायला पुण्याच्याच कॅम्पात, पण वीस वर्षं बहारीनला काढलेली. त्यांच्याकडे पंखा ‘बांका’, बूट ‘जूती’, स्टोव्ह ‘चूला’. चाळीसात सहा शब्द असे. पंधरा टक्के! इजिप्तचा रकाना अरबीत एम. ए. झालेल्या एकाचा. त्यात ओळखीचं काहीच नव्हतं. तो मी पास केला.

नजमाबाई तडकल्या. “मुंबईची गलबतं पिढ्यानपिढ्या तिकडे जायची. आपला रुपयासुद्धा चालायचा तिथे. मालाबरोबर शब्द गेले, त्यात माझा काय गुन्हा?”

“मग नेमके हेच कसे गेले?”

“आपण बहारीनला जाऊन विचारा. विमानाचं भाडं मात्र माझ्याकडे मागू नका.”

उत्तर जरा जास्तच तयार वाटलं. बाईंचं काम कायमचं बंद करा, असं मी मॅनेजर सुलभाताईंना सांगितलं. नजमाबाईंचं घर याच कामावर चालतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

“पुरावा?” सुलभाताईंनी विचारलं.

“ऐकू येतंय की.”

“तुमच्या कानाला सर्टिफिकेट आहे का? दोन्ही रकाने क्लायंटकडे पाठवा. तिथे त्या त्या देशाची माणसं तपासतील. तोवर बाईंचं काम थांबवा, तोडू नका.”

आठवड्याने मेल आली. आखाती रकाना पूर्ण बरोबर. काही शब्द आता वयस्कर माणसंच वापरतात, तरी ठेवा. इजिप्तचा रकाना मात्र परत. शब्द शुद्ध, पण पुस्तकी. बाजारात असं कोणी बोलत नाही. बुटाला तिथे तुर्कीतून आलेला ‘गझमा’ हा शब्द. पावाला म्हणतात ‘ऐश’. मूळ अर्थ जगणं. आपण जी ऐश करतो, तोच हा शब्द.

पुढची यादी नजमाबाईंनाच दिली. त्यांनी दर वाढवून मागितला. सुलभाताईंनी माझ्याकडे बघत मंजूर केला.

ओळखीचं दिसलं ते मी अडवलं, आणि कळलं नाही ते सोडलं. याला आम्ही क्वालिटी म्हणत होतो. इजिप्तच्या रकान्यात ‘ऐश’ असता, तर तोही मीच खोडला असता.